तू तिथं काऊन गेली होती

देऊळघाटच्या पुढे रस्ता सोडून आत गेलं की एक गाव लागतं, तिथल्या शाळेत मी विज्ञान शिकवते. आठवी ते दहावीचे वर्ग. राहते बुलडाण्यात, रोज स्कूटीवर येणं-जाणं. नवऱ्याची नोकरी खामगावला, मुलगी माझ्याजवळ. पावसाळ्यात आमच्या गावच्या रस्त्यावर चिखल होतो, उन्हाळ्यात धूळ. बाकी तक्रार करण्यासारखं काही नाही. पोरं बरी आहेत. आयाबाया ओळखीच्या झाल्या आहेत.

ज्या मुलीबद्दल मी सांगते आहे ती तेव्हा नववीत होती. विहाराजवळच्या वस्तीतली. बाप ती लहान असतानाच गेला. आई सकाळी प्राथमिक शाळेत मुलांची खिचडी शिजवायची आणि दुपारनंतर मिळेल त्या शेतात रोजानं जायची. प्राथमिक शाळा आमच्या मैदानाला लागूनच आहे, म्हणून त्या माउलीला मी आधीपासून ओळखत होते. मुलगी मोठ्या आवाजाची होती. उत्तर चुकलं तरी ठणकावून द्यायची आणि वर्ग हसला की स्वतःही हसायची, तोंडावर हात न ठेवता. खो-खोत तिच्यासारखी पळणारी आमच्याकडे दुसरी नव्हती. तालुक्याला आमची टीम जिंकली ती तिच्यामुळेच.

तिच्या शेजारी बसायची ती मुलगी शेतकऱ्याच्या घरची, गावातल्या मोठ्या भावकीतली. अबोल. दोघींचा डबा एकत्र असायचा. मैत्रिणीच्या घरी हे कळलं असतं तर चाललं नसतं, पण शाळेतलं शाळेत राहायचं.

आणि दहावीत तो मुलगा होता. मैत्रिणीच्याच भावकीतला, तिला नात्यानं भाऊ लागायचा. घरी ट्रॅक्टर, बागायती जमीन, बापाचा गावात शब्द चालायचा. हा मुलगा आठवीपर्यंत बाहेरच्या जिल्ह्यात होस्टेलमध्ये राहून शिकत होता. एका वर्षी मधेच बापानं त्याला परत आणलं आणि आमच्याकडे नाव घातलं. का आणलं ते कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. वर्गात तो गप्प असायचा. वही स्वच्छ, अक्षर चांगलं. मला तो आवडत नव्हता असं आज म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. मला तो शांत, समजूतदार मुलगा वाटायचा.

जानेवारीत गॅदरिंगची तयारी चालू होती. मी त्या दिवशी बुलडाण्यातच प्रशिक्षणाला होते. मैदानावर मोठ्या आवाजात गाणं लावून नाच बसवणं चाललं होतं. सरांनी दोघी मैत्रिणींना खेळाच्या सामानाच्या खोलीतून लेझीम आणायला पाठवलं. ती खोली इमारतीच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी. वाटेत मैत्रिणीच्या चपलेचा अंगठा तुटला, ती थांबली. ही पुढे गेली. तो मुलगा आणि त्याच्या वर्गातले दोघं तिथे होते. तो तिच्या मागोमाग खोलीत शिरला आणि त्यानं आतून कडी लावली. बाकीचे दोघं बाहेर उभे राहिले.

आत काय झालं ते तिनं पुढे मला सांगितलं, पोलिसांना सांगितलं, डॉक्टरबाईंना सांगितलं. तिला ते फार वेळा सांगावं लागलं. मी ते पुन्हा सांगणार नाही.

मैत्रीण आली तेव्हा तिला आतून आवाज आला. त्या दोघांना ढकलून ती दारावर थापा मारायला लागली. गाण्यामुळे मैदानावर कोणाला ऐकू गेलं नाही, पण आत त्याला ऐकू गेलं. त्यानं कडी काढली. मुलगी बाहेर पडायला धडपडत होती, तेवढ्यात त्यानं तिच्या कानाखाली अशी मारली की ती दाराच्या चौकटीवर जाऊन आपटली. मग तो शर्ट सारखा करत निघून गेला. जाताना म्हणाला, कोणाले सांगितलं तं पाहाय.

दोघींनी लेझीम उचलल्या आणि मैदानावर नेऊन दिल्या. हे मला मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा मी विचारलं, तेव्हाच सरांना का नाही सांगितलं? ती म्हणाली, लेझीम मांगत होते न सर.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात आले. मुलगी बाकावर मान एका बाजूला कलती ठेवून बसली होती. प्रश्न विचारला तर उठली नाही. दोन-तीनदा नाव घेतल्यावर मैत्रिणीनं कोपरानं ढोसलं तेव्हा उठली आणि उत्तर येत नाही म्हणाली. मला वाटलं अंगात ताप असेल. खो-खोच्या सरावालाही ती आली नाही. असे काही दिवस गेले. मग मधल्या सुट्टीत मैत्रीण माझ्या मागे मागे स्टाफरूमच्या दारापर्यंत आली.

"म्याडम, तिले डाव्या कानानं ऐकू येऊन नाही राह्यलं."

"काऊन? काय झालं?"

"मारलं तिले." मग तिनं मागे वळून पाहिलं आणि हळू आवाजात त्या मुलाचं नाव घेतलं. पुढचं सगळं तिनं जमिनीकडे पाहत सांगितलं.

मी मुलीला प्रयोगशाळेत बोलावलं. ती उजवा कान माझ्याकडे करून बसली. मग बोलायला लागली ती सपाट आवाजात, पाठ केलेलं म्हणावं तसं. संपल्यावर तिनं एवढंच विचारलं की तिच्या मायला मी हे सांगणार का. नाही सांगितलं तर चालेल का. मी म्हणाले, सांगावं लागेल बेटा. ती म्हणाली, मंग मी शाळेत येऊ नाही शकणार. त्या वेळी मला वाटलं ती घाबरून बोलते आहे. ती पुढचं बघून बोलत होती.

आमचे मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, दोन्हीकडच्यांना बोलावू, पोराला त्याच्या बापासमोर समज देऊ, मुलीचं नावही जाणार नाही. मी म्हणाले, सर, कायदा तसं करू देत नाही, कळल्यावर कळवावंच लागतं. त्यांना ते माहीत होतं. खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, तुम्ही जा मॅडम, मी तुम्हाला अडवणार नाही. त्यांनी खरंच कधी अडवलं नाही. सोबतही आले नाहीत.

मी प्राथमिक शाळेच्या मागे गेले. माउली मोठं पातेलं घासत होती. मी तिच्याजवळ उकिडवी बसले आणि जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. ती रडली नाही. तिनं चुलीतली लाकडं ओढून त्यांवर पाणी टाकलं, हात धुतले, पदरानं पुसले. मग म्हणाली, बलवा तिले. मुलगी आली. आई तिच्याकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हा.

"तू तिथं काऊन गेली होती?"

"सरनं पाठवलं होतं, लेझीम आणाले."

आई तिच्या पायाशी बसली. मुलीला तिनं ओढून घेतलं नाही, तिच्या पायाची धूळ तेवढी हातानं झटकली. मग उठली आणि मला म्हणाली, चला म्याडम, कुठं जायचं तिथं जाऊ.

पोलीस ठाण्यात एक फौजदार बाई होती, माझ्यापेक्षा लहान. चांगली बाई. तिनं मुलीला पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं, पुरुषांना बाहेर पाठवलं. सगळं लिहून घेताना मुलीच्या उजव्या बाजूला बसली. एका जागी तिलाही विचारावं लागलं की तू तिथे कशासाठी गेली होतीस. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. बाई म्हणाली, लिहावं लागते ताई, नाही तर पुढचा वकील विचारते. दवाखान्यात कान तपासला. पडदा फाटला होता, आत पू झाला होता. कानाचे डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर बरं झालं असतं.

परत येताना संध्याकाळ व्हायला आली होती. फाट्यावर माउलीनं मुलीला भजी घेऊन दिली. मुलीनं ती खाल्ली आणि बऱ्याच दिवसांनी काहीतरी बोलली. भजी तिखट आहेत म्हणाली. मला वाटलं, आता निभेल. एवढंच मला त्या सगळ्या दिवसांतलं चांगलं म्हणून आठवतं.

त्या रात्री मी माझ्या आईला फोन केला. आई चिखलीला असते, तीही आयुष्यभर शिक्षिका होती, तिच्या हाताखालून गावंच्या गावं शिकून गेली. तिनं सगळं ऐकलं, हळहळली, आणि मग म्हणाली, पण ती पोरगी एकटी तिकडं गेलीच काऊन? जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला.

पोलिसांनी त्या मुलाला नेलं आणि काही दिवसांत तो जामिनावर बापाच्या ताब्यात परतही आला. तो अठराच्या आतला, त्यामुळे त्याचं प्रकरण मुलांसाठीच्या मंडळापुढे चालणार होतं. बाकीच्या दोघांचंही तसंच. त्या मार्चात त्यानं दहावीची परीक्षा दिली.

एका रविवारी त्याचा बाप माझ्या घरी आला. सोबत दोन माणसं. चपला बाहेर काढून, हात जोडून आत आला. चहा घेतला नाही. पोराचं आयुष्य जाईल म्हणाला, लेकरू आहे म्हणाला, लेकराकडून चुकतं. आवाज चढवला नाही. माझी मुलगी आतून पाणी घेऊन आली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, कितवीत आहे विचारलं, कोणत्या शाळेत जाते विचारलं, कशानं जाते विचारलं. मग उठला आणि नमस्कार करून गेला. दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या मुलीचं सायकलनं जाणं बंद केलं. नवरा खामगावहून आला, बदलीसाठी प्रयत्न कर म्हणाला. मी नाही म्हणाले, पण पुढे बरेच महिने मी रोज तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायची आणि ती आत जाईपर्यंत थांबायची.

वस्तीत विहाराजवळ बैठक झाली. मला बोलावलं होतं, मी गेले. कोणी म्हणत होतं, मागे हटायचं नाही, ही एका पोरीची गोष्ट नाही. कोणी म्हणत होतं, लढायला आम्ही तयार आहोत, पण उद्या हरभरा सोंगायला कोणाच्या वावरात जायचं? दोघांचंही खोटं नव्हतं. बायका मागे बसल्या होत्या. मुलगी घरी होती. तिला काय हवं ते कोणी विचारलं नाही, आणि मी ते विचारा म्हणाले तेव्हा एका म्हाताऱ्या माणसानं मायेनं सांगितलं की म्याडम, ते लेकरू काय सांगन. त्याच आठवड्यात तिच्या चुलतभावानं तिला पट्ट्यानं मारलं. तोही शिकणारा, अठरा-एकोणीसचा. त्याला कॉलेजात पोरं चिडवत होती. शेजारणीनं सोडवलं. तो मारताना काय विचारत होता ते शेजारणीनं मला सांगितलं. त्याचाही प्रश्न तोच, तिथं काऊन गेली होती.

त्या हंगामात वस्तीतल्या बायांना मोठ्या भावकीच्या वावरात कोणी बोलावलं नाही. मजुरीला ट्रकनं बाहेरगावची माणसं आणली. बायकांना लांब जावं लागायचं, दिवस उजाडायच्या आत निघावं लागायचं. माउलीला कोणी तोंडावर बोललं नाही. पण हातपंपावर ती आली की बोलणं थांबायचं. खिचडीचं कामही त्या उन्हाळ्यात दुसरीला गेलं. मुलीचं शाळेत येणं तर जबाबानंतर थांबलंच होतं.

मैत्रिणीचा जबाब पहिल्याच आठवड्यात झाला होता. तिनं पोलिसांपुढे सगळं नीट सांगितलं; मला वाटलं नव्हतं इतकं नीट. त्यानंतर ती एक दिवस शाळेत आली, आणि मग आलीच नाही. तिच्या बापानं तिला संग्रामपूरकडे मामाच्या गावी नेऊन ठेवलं. मी फोन केला तर आईनं उचलला. म्हणाली, तिकडंच शिकवतो आता तिले. शिकवलं नाही. वर्षभरात तिथेच तिचं लग्न जमवलं, वय वाढवून सांगितलं असं पुढे कानावर आलं. मी त्याचीही तक्रार केली. चौकशीला सरकारी माणसं जाऊन आली, लग्न झालेलं नाही, फक्त बोलणी आहेत असं घरच्यांनी सांगितलं. लग्न त्यानंतर झालं, दुसऱ्या गावात.

त्याच काळात एकदा देऊळघाटला माझी स्कूटी पंक्चर झाली. दुकानाशी एक बाई भेटल्या. त्या तिथल्याच, एका उर्दू शाळेत शिकवतात. येता-जाता आमची ओळख झालेली. त्यांनी मला घरी चहाला नेलं. बोलता बोलता मी त्यांना हे सांगितलं. कोणाला तरी सांगायचंच होतं. त्या ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी त्यांच्या एका विद्यार्थिनीचं सांगितलं. तिचंही असंच, शिकवणीहून येताना, गल्लीतलीच पोरं, तिच्याच वयाची. घरच्यांनी तिला काय विचारलं ते सांगताना त्यांनी ओढणीची कड बोटाला गुंडाळली.

"घरवालों ने एकच पूछा, तू उस गली से आई क्यूँ? तुम लोग तो थाने तक गए म्याडम. हमारी लडकी की बात दहलीज के बाहर भी नहीं आई."

मी म्हणाले, थाने तक जाऊन काय झालं ते अजून दिसायचं आहे. त्या म्हणाल्या, हौ, वो भी है. नंतर आम्ही दोघी अभ्यासक्रमाबद्दल बोलत बसलो.

सुनावणीच्या दिवशी मी बुलडाण्यात मंडळापुढे साक्षीला गेले. आधीही दोनदा गेले होते, तारीख पुढे गेली होती. बाहेर बाकं होती. मी बसले तेव्हा शेजारच्या बाकावर तो मुलगा एकटा होता. बाप वकिलाशी बोलायला गेला होता. मिशा फुटल्या होत्या त्याला. त्यानं मला पाहिलं आणि उठून उभा राहिला, वर्गात राहायचा तसा. मी बस म्हणाले. बोलायची माझी इच्छा नव्हती. तोच बोलला.

"म्याडम, होस्टेलात आमच्यासंगही हेच करत होते. मोठे पोरं."

मी त्याच्याकडे वळले. तो समोरच्या भिंतीकडे पाहत होता.

"रोज मारत. अन् निसतं मारणं असतं तं..." तो थांबला. "कोणावर केस नाही झाली."

"घरी सांगितलं होतंस?"

"बाबाले सांगितलं. बाबानं पयले मले झोडलं. म्हणे, तू काय पोरगी हायेस काय? मंग घरी आणलं."

मला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी मला त्याचा रागही आला, की हे माहीत असून, अंगावर झेलून, यानं ते उचलून तिच्या अंगावर टाकलं. मी विचारलं, मग तुला कळलं नाही तिला काय वाटलं असेल? तो म्हणाला, कळत होतं. मग म्हणाला, कळत होतं म्हणून तर. त्या वाक्याचा मला आजही नीट अर्थ लावता येत नाही. बाप येताना दिसला तसा तो सरकून बसला.

मुलांची चौकशी करणारे एक अधिकारी तिथे होते, त्यांना मी हे सांगितलं. त्यांनी मनावर घेतलं. मुलाला बोलावलं, बापालाही. बाप म्हणाला, असं काही झालंच नाही, होस्टेलचं जेवण मानवत नव्हतं म्हणून आणलं. मुलाला विचारलं तर तोही म्हणाला, जेवण मानवत नव्हतं. अधिकारी माझ्याकडे पाहायला लागले. ती होस्टेलातली मोठी पोरं आता कुठे असतील, कोणाची लग्नं झाली असतील, कोण कुठे नोकरीला असेल, हा विचार मला बरेच दिवस सोडत नव्हता.

मैत्रीण साक्षीला आली ती मंगळसूत्र घालून, नवऱ्यासोबत. तिला काही आठवत नव्हतं. दार बंद होतं का, आठवत नाही. आवाज आला का, आठवत नाही. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

मग मुलीची पाळी. ती आत गेली आणि लवकर बाहेर आली. पडले म्हणाली होती ती. लेझीम काढताना घसरले आणि चौकटीवर पडले. आधीचा सगळा जबाब मी बाईमाणसांनी सांगितलं तसा लिहून दिला, असंही म्हणाली. बाईमाणसं म्हणजे मी.

माउली मला जिन्यात भेटली. माझा हात धरला तिनं. म्हणाली, मीच सांगितलं तिले, सोड म्हणून. तिनं मले रात्री इचारलं, माय काय सांगू? मी म्हटलं, सांगून तुह्या कानाले काय ऐकू येणार हाय काय. तुम्ही राग नका धरजा म्याडम. मी म्हणाले, राग नाही. नव्हताच. राग धरायला तिथे मला कोणी सापडलं नाही.

तो मुलगा सुटला. आयटीआयला गेला. आता तालुक्याच्या गावी मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. मी त्या रस्त्यानं जाते तेव्हा तो मान खाली घालून नमस्कार करतो. मीही मान हलवते.

मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा शाळेत समारंभ झाला. त्या मुलाचे वडील प्रमुख पाहुणे होते, त्यांनी शाळेला थंड पाण्याचं मशीन दिलं. पोरींनी स्वागतगीत म्हटलं. आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. मी मानले, सगळ्यांची नावं घेऊन. खेळाच्या सामानाच्या खोलीला तोवर लोखंडी जाळीचं दार बसवलं होतं, म्हणजे आतलं बाहेरून दिसावं. हे दार मी मागितलं होतं. माझ्या सगळ्या खटपटीतून निघालं ते एवढं.

मुलीला सुनावणी संपल्यावर आईनं जालन्याला मावशीकडे पाठवलं होतं. बियाण्याच्या पाकिटांचं पॅकिंग चालतं तिथे कामाला लागली. मला राहवेना. दिवाळीच्या सुट्टीत मी देऊळगाव राजामार्गे बस धरून तिच्याकडे गेले. दहावीला बाहेरून बसता येतं, त्याची सगळी माहिती काढून नेली होती, जुनी पुस्तकंही पिशवीत होती. मावशीचं घर एका खोलीचं, पत्र्याचं. ती कामावरून आली, मला पाहून दारातच थांबली. उंच झाली होती. मी बोलत होते तेव्हा ती माझ्या ओठांकडे बघायची. तिनं चहा केला, त्यात साखर जास्त पडली म्हणून दुसरा केला. मी परीक्षेचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मधेमधे हाव म्हणाली. पुस्तकं काढून पाहिली, विज्ञानाचं पुस्तक जरा जास्त वेळ हातात ठेवलं, आणि पुन्हा पिशवीत नीट रचून ठेवली.

"म्याडम, हे गावात कोणाले द्या. खराब होतीन इथं."

मी आग्रह केला. ती म्हणाली, वर्गात बसावं लागत नाही हे खरं, पण पेपरले तं बसावं लागते न. मी म्हणाले, पेपर इथेच, जालन्याला देता येईल. ती म्हणाली, कुठं बी सेंटर असो, पोरं राह्यतेच. मावशी मध्ये पडली, म्याडम एवढ्या दुरून आल्या म्हणाली. मुलगी हसली थोडीशी. मला बसस्टँडपर्यंत सोडायला आली. वाटेत मी तिला घरचं सांगत होते. तिची एक धाकटी बहीण आहे, तेव्हा सहावीत होती, प्राथमिक शाळेतली हुशार मुलगी. मी कौतुकानं म्हणाले, दीड वर्षात येईलच आता माझ्या वर्गात. ती चालता चालता थांबली.

"तिले नका घेऊ तुमच्या शाळेत."

मी म्हणाले, जवळ दुसरी शाळा कुठे आहे? बुलडाण्याला रोज कोण पाठवणार?

"मालूम हाय. तरी नका घेऊ."

गाडी लागली होती. ती खिडकीशी उभी राहिली नाही, लगेच वळून गेली.

दीड वर्षानं जून आला. सातवी पास झालेल्या मुलांची नावं प्राथमिक शाळेतून आमच्याकडे येतात, तसं त्या धाकटीचंही नाव आलं. दोन-तीन आठवडे मी वाट पाहिली. मग शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी गेले, कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, दोघी बी निंदाले गेल्या. रस्त्याला लागून सोयाबीनचं शेत होतं, तिथे बायांची रांग वाकून निंदत होती. माउलीनं मला ओळखलं, उभी राहिली, कपाळावर हात धरून बघत राहिली. तिच्या बाजूला ती धाकटी होती, डोक्याला रुमाल बांधलेला. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर थांबले. माउली माझ्याकडे आली नाही, आणि मीही पुढे गेले नाही. मुकादमानं आवाज दिला तशी दोघी पुन्हा खाली वाकल्या.